तिपाई: आखाजीपर्यंत थांबवलेली एक केस

केस पेपरवर माझ्याच अक्षरात तीन ठिकाणी एकच शेरा आहे: ‘अजून बघू’. १४ एप्रिल, १८ एप्रिल, २२ एप्रिल २०२५. पहिला शेरा बरोबर होता. दुसऱ्यावर वाद घालता येईल. तिसरा मी लिहायला नको होता, आणि ही केस मांडतोय ती त्या तिसऱ्यासाठीच.

पेशंट: गावठी कुत्री, नसबंदी झालेली, वय बारा वर्षांच्या आसपास, रंग तांबूस, पुढचा डावा पाय खांद्यापासून नाही. नाव तिपाई. घर: अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. कापूस, थोडी दादर ज्वारी, दोन म्हशी. घरात आजीमाय, त्यांचा मुलगा म्हणजे आप्पा, आप्पांचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू. आप्पांची मुलगी लग्न होऊन सुरतेला असते. तिला सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तिपाईला घरात आणली ती ताईनंच. २०१३चा पावसाळा, ताई तेव्हा अकरावीत. जिनिंगच्या गेटपाशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पिल्लू सापडलं, अडीच-तीन महिन्यांचं. ही पोरगी ते पोत्यात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून माझ्याकडे घेऊन आली. माझी प्रॅक्टिस नवीन होती. व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढण्यात हात बसलेला, पण कुत्र्याचा पाय काढायची ती दुसरीच वेळ. कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. मागचा पाय गेला तर कुत्रं लवकर सावरतं, पुढचा गेला की जड जातं. हे मी तिला सांगितलं. ‘नेऊन काय करशील’ असंही विचारलं, जे विचारायला नको होतं. ऑपरेशन झाल्यावर ती म्हणाली, पाय मला द्या. मी तो खड्ड्यात टाकणार होतो. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात घातला आणि गेली. विक्षिप्त पोरगी आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

पुढची अकरा वर्षं मला तिपाईचं काही विशेष करावं लागलं नाही. वर्षाला रेबीजची लस, एकदा नसबंदी, २०२१मध्ये गोचीड तापाचा एक जोरदार झटका आणि त्यासाठी चार आठवड्यांचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स. तीन पायांवर ती खळ्यात माकडं हाकलायची. आजीमायच्या खाटेखाली झोपायची. कळण्याच्या भाकरीचा कडेचा तुकडा हा तिचा हक्क होता, आणि तो घरातलं दुसरं कोणी उचलत नसे.

आता मूळ आजाराकडे. २०२४च्या दिवाळीनंतर ती पुढच्या उरलेल्या पायावर लंगडू लागली. अकरा वर्षं एकाच पायानं पुढचा भार ओढलेला, सांधा झिजणारच. माझ्याकडे आणण्याआधी तीनेक आठवडे तिला मेडिकलवरून आणलेली माणसांची दुखण्यावरची गोळी रोज अर्धी दिली जात होती. वाईट हेतूनं नाही. आजीमायच्या गुडघ्यांना ती गोळी लागू पडत होती, मग हिलाही पडेल एवढाच विचार. माणसाच्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला झेपत नाहीत, आणि गोचीड तापातून गेलेल्या म्हाताऱ्या कुत्रीला तर नाहीच. किडनी त्या गोळीनंच गेली असं मी म्हणणार नाही. गोचीड तापानं, वयानं ती आधीच कुरतडलेली असणार. कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. पण गोळी ऐकल्यावर मी आप्पांवर चिडलो होतो, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते मला सगळं मोकळेपणानं सांगेनासे झाले. त्याची किंमत एप्रिलमध्ये कळली.

जानेवारी २०२५: वजन १५.२ किलो, क्रिएटिनिन ३.६. पाणी फार पिते, रात्री ओट्यावर लघवी होते, ही सुनेची तक्रार. किडनीच्या आजाराचे चार टप्पे धरतात, कुत्र्यात २.९ ते ५.० हा तिसरा. मार्चमध्ये ४.४. १४ एप्रिलला वजन १२.१, क्रिएटिनिन ६.९, हिमोग्लोबिन ६.१, तोंडाला अमोनियासारखा वास, हिरडीवर एक पांढुरका व्रण. म्हणजे चौथा टप्पा, शेवटचा. कुत्र्यांचं डायलिसिस मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत होतं, पण जुनाट आजारात त्यानं गेलेली किडनी परत येत नाही. आप्पांनी एकदा विचारलं, मी हे सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी ‘अजून बघू’ लिहिलं ते चूक नव्हतं. उलटी थांबवणारं इंजेक्शन, फॉस्फरस बांधणारं औषध आणि रोज घरी चामडीखाली सलाईन, एवढ्यावर काही कुत्री दोन-तीन आठवडे बरी राहतात. सलाईन द्यायला सुनेला शिकवलं. मानेमागची चामडी चिमटीत धरून तंबू करायचा, सुई त्या तंबूच्या दारातून आत सरकवायची. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापेक्षा सफाईनं देत होती. ओट्याच्या तुळईला झोक्याची कडी आहे, दर आखाजीला तिथे झोका बांधतात. बाटली त्या कडीला टांगायची. अडीचशे मिली आत गेलं की पाठीवर उंटासारखं वशिंड यायचं आणि तासाभरात ते पाणी खाली उतरायचं. बाकी कुत्र्यांत ते कोपरापाशी जमतं. तिपाईत डाव्या बाजूला, जिथे पायच नव्हता तिथे जमायचं. नातू तिथे बोट दाबून बघायचा आणि म्हणायचा, पाय उगवतोय.

पहिले चार दिवस फरक पडला. १८ तारखेला ती थोडा दहीभात खाऊन गोठ्यापर्यंत चालत गेली. दुसरा ‘अजून बघू’ तेव्हाचा.

२२ एप्रिलला मी गेलो तेव्हा ती आजीमायच्या खाटेखाली होती आणि बाहेर आली नाही. शेपूट दोनदा फरशीवर आपटली. आजीमाय म्हणाल्या, “डाक्टर, माले देखीसन शेपूट हालावस, पण उठस नही.” मी गुण मांडले. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी केलेली एक साधी मोजणी आहे: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर सांभाळून पुढे जाता येतं. १४ तारखेला तिपाईला मी ३८ दिले होते. २२ला २३ आले. आनंदाचे चार गुण फक्त त्या शेपटीचे.

मी आप्पांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, आता दयामरणाचा विचार करायला हवा. त्यांनी मान हलवली. मला वाटलं कळलं. नंतर समजलं, त्यांना वाटलं मी ‘दयेनं बघा, मरण जवळ आलंय’ असं काहीतरी म्हणतोय. पुस्तकातला शब्द मी ओट्यावर काढला आणि तो तिथे पडून राहिला. ते म्हणाले, “आखाजीले पोर येई ऱ्हायनी साहेब. तवलोंग थांबूत.” आखाजी ३० एप्रिलला होती. आठ दिवस.

खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी एवढंच: आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्याकडे ती सासुरवाशिणींची. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात, आमरस-पुरणपोळी होते, पितरांसाठी घागर भरतात. लेक आखाजीला येणार असेल तर तिच्यासाठी माणसं गुऱ्हाळ थांबवतील, विहिरीचं काम थांबवतील. कुत्रीचं मरण थांबवणं त्याच हिशोबात बसलं. मलाही ते पटलं. तिनंच आणलेलं पिल्लू, तिनं शेवटचं बघावं, किती बरोबर वाटतं ऐकायला. मी पेपरवर तिसऱ्यांदा ‘अजून बघू’ लिहिलं आणि मोटारसायकलला किक मारली.

सुनेला मात्र मी एक काम सांगून आलो होतो. रोज रात्री एक अक्षर लिहायचं: दिवस चांगला गेला तर ‘च’, वाईट गेला तर ‘व’. तिनं ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिलं, जिथे रोजच्या दुधाचा हिशोब असतो तिथेच. तो एप्रिलचा कागद मी नंतर मागून घेतला. २३: ‘३ ली., व’. २४: ‘३ ली., व’. २५: ‘२॥ ली., च’, आणि पुढे बारीक अक्षरात ‘पाणी पिली’. २६, २७, २८: व, व, व. २९च्या चौकोनात दूध लिहिलंय, अक्षर नाही.

एप्रिलअखेर आमच्याकडे पारा सहज ४३-४४ला टेकतो. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं आणि त्यात पाणी उडतं. किडनी गेलेल्या कुत्रीच्या अंगात उडवायला पाणी असतं कुठे. सून ओली चादर टाकायची, ओट्यावर पाणी मारायची. या काळात मला कुणी फोन केला नाही. मीही केला नाही. म्हशींच्या कामाचे दिवस होते, हे कारण आहे, सबब नाही.

ताई २९च्या संध्याकाळी सुरतेहून पॅसेंजरनं आली. घरात शिरली आणि सरळ खाटेखाली आडवी झाली, असं आप्पा सांगतात. ३०ला सण. सणाच्या दिवशी घरात मृत्यू नको, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे अजून एक दिवस. कडीला झोका बांधला नाही, तिथे बाटली होती. रात्री अडीच वाजता माझा फोन वाजला. तिपाईला झटके येत होते. रक्तात साठलेलं विष मेंदूपर्यंत पोहोचलं की असे झटके येतात. चौदा किलोमीटर गाडी हाणली. पोहोचलो तेव्हा तिसरा झटका चालू होता. तिन्ही पाय ताठ, जबड्यातून फेस, लघवी सुटलेली, आणि ताई तिचं डोकं फरशीवर आपटू नये म्हणून खाली हात धरून बसलेली. डायझेपाम दिलं, झटका थांबला.

मग ताई म्हणाली, “सर, ही अशी कधीपासून आहे?”

मी म्हणालो, आठ दिवस झाले, तुमच्यासाठीच थांबलो होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. “मला तर सांगितलं थोडी आजारी आहे. मी २२लाच आले असते. एका रात्रीची तर गाडी आहे.”

ओट्यावर कुणी बोललं नाही. आप्पांनी तिला सांगितलं नव्हतं, कारण ती सासरी आहे, उगाच जीव टांगणीला लागेल. सुनेनं सांगितलं नव्हतं, कारण आप्पांनी सांगितलं नाही तर तिनं कसं सांगायचं. मी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे जिच्यासाठी थांबलो होतो तिला एकानंही विचारलं नव्हतं, थांबू का म्हणून.

आजीमाय खाटेवर उठून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मोकयी करी द्या तिले.” मला जो शब्द २२ तारखेला हवा होता तो हा. मोकळी करणं. त्या घरात तो सगळ्यांना कळत होता.

इथे एक कागदोपत्री भाग आहे, तो उरकतो. पाळीव जनावराच्या बाबतीत मालकाची लेखी संमती घ्यायची. त्यात मी एक ओळ हमखास विचारतो: गेल्या दहा दिवसांत कुणाला चावली का? चावली असेल तर रेबीजच्या दृष्टीनं दहा दिवस निरीक्षण आधी, बाकी सगळं नंतर. रस्त्यावरच्या कुत्र्याचा निर्णय असा एकट्या डॉक्टरनं किंवा खायला घालणाऱ्यानं घ्यायचा नसतो. त्यासाठी २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत आणि त्यात औषधही लिहून दिलंय, सोडियम पेंटोबार्बिटल. तालुक्याच्या गावी ते मिळवणं ही वेगळीच कथा आहे. माझ्याकडे थायोपेंटोन होतं. तेही भुलीचंच औषध, मोठ्या मात्रेत तेच काम करतं. शुद्धीतल्या जनावराला थेट हृदय थांबवणारं मीठ (पोटॅशियम क्लोराइड) शिरेतून देणं हा छळ आहे. कुणी स्वस्तात तसं करून देतो म्हणाला तर त्याला दारातून परत पाठवा.

१ मेची सकाळ, साडेसहा. ऊन चढायच्या आत उरकायचं होतं. नातवाला उठवायचं की नाही यावर कुजबुज झाली. सून त्याला म्हणाली, तिपाईला झोपेचं इंजेक्शन देणार आहेत. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं: ती मरणार आहे, या औषधानं दुखत नाही, आणि तू झोपतोस ती झोप वेगळी. तो आजीमायच्या मागे उभा राहून बघत होता. मध्येच गेला आणि गोठ्यातून बघू लागला. कुणी अडवलं नाही.

शीर मिळेना. साध्या कुत्र्याला पुढच्या पायाची शीर सोपी असते आणि असे पाय दोन असतात. हिला एकच, आणि त्यावर महिनाभर सुया टोचलेल्या. अंगात पाणी नाही, रक्तदाब खाली गेलेला, शीर बोटाखाली दोऱ्यासारखी सरकत होती. पहिल्यांदा फुगली आणि फुटली. दुसऱ्यांदाही तेच. मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूची शीर घेतली, केस काढले, ताईला म्हटलं गुडघ्यावर असा दाब द्या. तिनं दिला. सुईच्या मागच्या टोकाला रक्ताचा थेंब आला. मी आधी सुई बसवली आणि मग शांत करणारं औषध दिलं. नवीन मुलांना मी हा क्रम आवर्जून सांगतो, कारण एरवी आधी शांत केलं की ठीक असतं, पण अशा कोरड्या पडलेल्या कुत्रीत त्या औषधानं शिरा आणखी मिटतात आणि मग घरच्यांसमोर टोचत बसावं लागतं.

पुढे काय होणार ते सगळं आधी सांगितलं. डोळे उघडेच राहतील. नंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखा वाटेल, पोटाची कातडी थरथरेल, लघवी होईल. ती जिवंत आहे असा त्याचा अर्थ नाही. हे न सांगता केलं की लोक वर्षानुवर्षं ‘तिनं शेवटी श्वास घेतला होता हो’ हे उराशी धरून बसतात. तिपाईच्या बाबतीत श्वास आला नाही. फक्त कान एकदा हलला, कारण आजीमायनं भाकरीचा तुकडा मोडला होता आणि तो मोडल्याचा आवाज झाला. शांत करणारं औषध चढत होतं, तुकडा तिनं खाल्ला नाही, नाकाशी होता. मग दुसरं औषध. अर्ध्या मिनिटात छाती थांबली. मी स्टेथोस्कोप लावून पाच मिनिटं बसलो. दोन मिनिटांत खात्री पटते, पण अशा वेळी उठून काय करायचं.

यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. केस पेपरवर ‘बाहेरगावी कोण, त्यांना कळवलं का’ ही ओळ छापून घेतली, आणि उत्तर येईना तर फोन मी स्वतः लावतो, घरच्यांसमोर, स्पीकरवर. दुसरं, तारीख मागतो. ‘थांबू’ म्हटलं की कुठल्या तारखेपर्यंत, आणि मध्ये सलग दोन ‘व’ आले तर काय. एका सहकाऱ्यानं हे ऐकून विचारलं, पण ताईला भेट मिळाली ना? मिळाली. ती भेट तिच्यासाठी नको होती असं मी म्हणत नाही. आठ दिवसांपूर्वी हीच भेट दहीभातावर झाली असती, एवढंच म्हणतो.

खड्डा बांधावरच्या निंबाखाली घ्यायचं ठरलं. मे महिन्यातली काळी जमीन म्हणजे दगड. भेगांत हात जाईल, पण कुदळ आत जात नाही. आप्पांच्या मुलानं पहाटेच दोन हंडे पाणी ओतून ठेवलं होतं, तरी टिकावाच्या ठिणग्या उडाल्या. चार फूट खोल हवा, म्हणून मी अडून बसलो. औषध अंगात असलेलं मढं कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरलं तर तेही मरतात. विहीर लांब होती, ते बघितलं. मीठ आप्पांनी आणलं.

अडीच फुटांवर माती वेगळी लागली, भुसभुशीत. मुलगा थांबला. आजीमाय काठी टेकत बांधापर्यंत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हळू खांद. तिन्हा पाय तठेच शे.”

मला कळायला वेळ लागला. २०१३मधला वर्तमानपत्रातला पाय. हाडाचं काही दिसलं नाही, बारा वर्षांत काय राहणार. मुलानं तिथली माती बाजूला वेगळी काढून ठेवली आणि खोदत राहिला. तिपाईला ओल्या चादरीत गुंडाळून खाली ठेवली, डावी कूस वर. ताईनं ती बाजूची माती आधी टाकली, डाव्या खांद्यावर. मग बाकीची सगळ्यांनी. वर बोराटीच्या काट्या आणि त्यावर दोन धोंडे ठेवले.

आप्पांनी विचारलं, साहेब किती झाले. मी रात्रीचे आणि औषधाचे सांगितले. त्यांनी दिले. ओट्यावर परत आलो तेव्हा नातू तुळईच्या कडीतून सलाईनची नळी सोडवत होता आणि ती निघत नव्हती, गाठ सुनेनं मारलेली होती.